पाच डॉलरांच्या स्पर्धा आणि राखून ठेवायचा पैसा

स्टू उंगर हा पोकरच्या इतिहासातला बहुधा सर्वांत तल्लख खेळाडू. लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट त्यानं १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा जिंकला. तिसऱ्या खेपेला दहा हजार डॉलरांची प्रवेश फीसुद्धा त्याच्याजवळ नव्हती. ती बिली बॅक्स्टर या मित्रानं भरली आणि दहा लाखांचं बक्षीस दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वेगासच्या एका मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५, जवळ काहीशे डॉलर. त्याचा पैसा अमली पदार्थांत, घोड्यांवर आणि खेळांवरच्या पैजांत गेला. पत्त्यांच्या टेबलावर त्याला हरवू शकणारे फार थोडे होते.

उंगरचं उदाहरण टोकाचं आहे, पण छोट्या रकमांच्या ऑनलाइन स्पर्धा खेळणाऱ्यांचं नुकसानही बहुतेक वेळा पत्त्यांपेक्षा पैशाच्या हिशेबातच होतं. न्यू जर्सी, लंडन किंवा टोरांटोत, जिथे हा खेळ कायदेशीर आहे, तिथे शनिवारी रात्री लॅपटॉप उघडून दोन-पाच डॉलरांच्या स्पर्धांत बसणारी मराठी मंडळी आहेत. त्यांच्या गप्पांत बँकरोलबद्दल जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. बँकरोल म्हणजे फक्त या खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम. ती उद्या सगळी गेली तरी घरभाडं, गाडीचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांना पाठवायचे पैसे, यांतलं काहीही अडत नाही. ज्या रकमेला ही व्याख्या लागू पडत नाही तिला बँकरोल म्हणू नये. भारतात राहणाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

गैरसमज: छोट्या स्पर्धांत सगळे कच्चेच खेळाडू असतात, त्यामुळे चांगला खेळणारा तोट्यात जाऊच शकत नाही.

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, म्हणून इथे आकडेमोड करूनच पाहू.

समजा प्रवेश फी ५.५० डॉलर आहे. त्यातले ५ डॉलर बक्षिसांच्या रकमेत जातात आणि ५० सेंट साइट ठेवून घेते, त्याला रेक म्हणतात. खेळाडू ५००, म्हणजे बक्षिसांची एकूण रक्कम २,५०० डॉलर. पहिल्या ७५ जणांना पैसे मिळतात. पहिल्याला ४५०, दुसऱ्याला ३२५, तिसऱ्याला २३५, असं उतरत उतरत नवव्याला ३७ आणि बाकीच्यांना १० ते २० डॉलर. ही वाटणी मी उदाहरणासाठी बांधली आहे, पण खऱ्या वाटण्याही याच धाटणीच्या असतात. पहिले तिघं चाळीस टक्के रक्कम घेऊन जातात आणि फायनल टेबलवरचे नऊ जण मिळून साठ टक्क्यांहून जास्त.

आता यात एक खरोखर चांगला खेळाडू बसवू. त्याचा सरासरी परतावा गुंतवणुकीवर २० टक्के, म्हणजे एका स्पर्धेमागे १ डॉलर १० सेंट नफा. इतका परतावा दीर्घकाळ टिकवणारे फार नसतात. असा खेळाडूसुद्धा शंभरातल्या ऐंशी-ब्याऐंशी स्पर्धांतून हात हलवत परत येतो. पहिला क्रमांक त्याला साधारण ३८० स्पर्धांतून एकदा मिळतो. शंभर स्पर्धांत एकदाही पहिला न येण्याची शक्यता ७७ टक्के. हजार स्पर्धांत कधीतरी सलग पंचविसेक स्पर्धांत एक सेंटही न मिळणं हे अगदी नेहमीचं.

हजार स्पर्धांनंतर त्याचा सरासरी नफा १,१०० डॉलर असायला हवा. पण वर-खाली होण्याचा पल्लाही जवळजवळ तितकाच आहे. म्हणून अशा सहा-सात चांगल्या खेळाडूंपैकी एक जण हजार स्पर्धांनंतरही तोट्यात असतो. आठवड्याला दहा स्पर्धा खेळणाऱ्याला हजाराचा टप्पा गाठायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. म्हणजे काहीही न चुकता दोन वर्षं तोट्यात राहणं शक्य आहे. त्या काळात घरातली माणसं विचारतात, मित्र सल्ले देतात, आणि आपला खेळच बिघडलाय असं वाटून माणूस नीट चाललेल्या गोष्टी बदलत सुटतो. उलटही होतं. कच्चा खेळाडू पहिल्याच महिन्यात एखादी स्पर्धा मारतो आणि पुढचं वर्षभर ते ४५० डॉलर आपल्या कौशल्याचा पुरावा म्हणून दाखवत राहतो.

गैरसमज: वीस-तीस बाय-इन जवळ असले की पुरे.

बाय-इन म्हणजे एका स्पर्धेची प्रवेश फी. वीस-तीसचा सल्ला मुळात कॅश गेमसाठी, म्हणजे स्पर्धा नसलेल्या थेट पैशांच्या खेळासाठी, किंवा जागा भरल्या की सुरू होणाऱ्या एकाच टेबलाच्या सिट-अँड-गो स्पर्धांसाठी दिला जायचा. तिथे चढउतार बरेच कमी असतात. पाचशे खेळाडूंच्या स्पर्धेला तो सल्ला लागू होत नाही.

वरच्याच उदाहरणात २० टक्के परताव्याचा खेळाडू घेतला आणि तो कधीच खालच्या रकमेवर उतरत नाही असं धरलं, तर माझ्या हिशेबानं ५० बाय-इन, म्हणजे २७५ डॉलर जवळ असताना कधी ना कधी शून्यावर येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. १०० बाय-इनला ती चारात एक इतकी होते. २०० बाय-इन, म्हणजे १,१०० डॉलर असतील तर पाच-सहा टक्क्यांवर येते. परतावा २० ऐवजी १० टक्के धरला, तर १०० बाय-इन असूनही बुडण्याची शक्यता निम्मी आणि २०० ला चारात एक. आपला परतावा नेमका किती हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, आणि बहुतेक जण तो आहे त्याहून जास्तच धरतात.

बेल लॅब्जमधले शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ मध्ये एक सूत्र मांडलं. खेळाडूची बाजू वरचढ असेल तर प्रत्येक डावात भांडवलाचा किती भाग लावावा, हे ते सांगतं. आपल्या उदाहरणाला ते लावलं तर उत्तर पाऊण टक्क्याच्या आसपास येतं, म्हणजे सव्वाशे-एकशेतीस बाय-इन. अनुभवी लोक केलीच्या निम्म्यानंच खेळतात, कारण स्वतःचा परतावा मोजण्यात चूक झाली तर तिला तेवढी जागा राहते. दोन-तीन हजार खेळाडूंच्या स्पर्धा असतील तर याहून जास्त बाय-इन हवेत, पंचेचाळीस जणांच्या सिट-अँड-गोला कमी चालतील.

गैरसमज: ख्रिस फर्ग्युसन शून्यातून दहा हजार डॉलरांपर्यंत गेला, म्हणजे दोन टक्क्यांचा नियम पाळला की झालं.

फर्ग्युसन या पोकर खेळाडूनं २००६ च्या सुमारास फुल टिल्ट पोकर या साइटवर एक जाहीर प्रयोग केला. एकही डॉलर न भरता, फुकटच्या फ्रीरोल स्पर्धांपासून सुरुवात. नियम असे: कॅश गेम किंवा सिट-अँड-गोमध्ये बँकरोलच्या पाच टक्क्यांहून जास्त लावायचे नाहीत, मोठ्या स्पर्धेत दोन टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि कॅश टेबलवर आपल्यासमोर एकूण बँकरोलच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम जमली की उठायचं. अगदी तळाला, जिथे दोन टक्के पाळणं शक्यच नाही, तिथे एक डॉलरच्या स्पर्धेची सूट होती. पहिले काही महिने तर फ्रीरोलमध्येच गेले. दहा हजारांना पोचायला वर्षाहून जास्त काळ लागला.

दोन टक्के म्हणजे पन्नास बाय-इन, आणि वर आपण पाहिलं की पन्नास बाय-इन कमी पडतात. मग त्याचं जमलं कसं? त्याचा नियम टक्केवारीचा होता. पैसे घटले की परवडणारी प्रवेश फीही आपोआप घटायची, आणि तो खरोखरच खाली उतरायचा. पाच डॉलरवरून दोनवर, दोनवरून एकवर. टक्केवारीच्या नियमाचा सगळा जोर या खाली उतरण्यात आहे. वर चढताना नियम सगळेच पाळतात. घसरण सुरू झाली की ‘एवढी एक स्पर्धा खेळू, मग उतरू’ हे सुरू होतं, आणि नियम तिथेच संपतो. माझा सल्ला असा: शंभर बाय-इनवर खेळायचं असेल तर सत्तरवर आलो की खालच्या फीला जायचं, हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. खाली उतरण्यात मन रमत नसेल तर दोनशे-अडीचशे बाय-इन साठल्याशिवाय त्या फीच्या स्पर्धेला हात लावू नका.

गैरसमज: बँकरोल नीट सांभाळलं की हळूहळू नफा होतोच.

शेतकरी कितीही अडचण आली तरी बियाण्याचं धान्य खात नाही. पण बियाणं राखलं म्हणून खडकावर पीक येत नाही. ज्याचा खेळ रेकसुद्धा भरून काढत नाही, त्याचं बँकरोल दोनशे बाय-इनचं असो की दोन हजारांचं, ते संपणारच. शिस्तीनं ते उशिरा संपेल एवढंच.

छोट्या स्पर्धांत रेकचं प्रमाण जास्त असतं हेही इथे सांगायला हवं. ५.५० मधले ५० सेंट म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त. टेबलावरच्या सगळ्यांइतकाच चांगला खेळणारा माणूस इथे दर स्पर्धेला सरासरी नऊ टक्के तोट्यात असतो. बरोबरीत सुटायचं तरी इतरांपेक्षा लक्षणीय चांगलं खेळावं लागतं.

गैरसमज: प्रत्येक स्पर्धा एक टक्क्याची, म्हणजे आपण सुरक्षित.

एका शनिवारचा हिशेब पाहू. बँकरोल ३३० डॉलर, स्पर्धा ३.३० ची, म्हणजे बरोबर एक टक्का. माणूस पाच स्पर्धांना नाव घालतो. त्यांतल्या तीन स्पर्धांत पहिल्या तासातच बाद होतो. लेट रजिस्ट्रेशन, म्हणजे उशिरा नाव घालायची मुदत, अजून उघडं असतं आणि पडद्यावर री-एंट्रीचं, म्हणजे पुन्हा फी भरून आत येण्याचं, बटण समोर असतं. तिन्ही वेळा तो ते दाबतो. रात्री बाराला एकूण खर्च आठ गुणिले ३.३०, म्हणजे २६ डॉलर ४० सेंट. बँकरोलच्या आठ टक्के एका रात्रीत गेले, आणि त्याच्या मते तो एक टक्क्याच्या नियमानं खेळत होता.

रीबायच्या, म्हणजे मध्येच जादा चिप्स विकत घेता येणाऱ्या, स्पर्धांत तर जाहिरातीतला आकडा फसवाच असतो. २.२० ची स्पर्धा, दोन-दोन डॉलरांचे दोन रीबाय आणि शेवटी एक ॲड-ऑन, की ती आठ डॉलरांवर गेली. म्हणून वही ठेवावी. तारीख, फी, री-एंट्री किती, खेळाडू किती, कितवा आलो, काय मिळालं, एवढे रकाने पुरतात. महिन्याच्या शेवटी एकूण खर्चाला स्पर्धांच्या संख्येनं भागा. येणारा आकडा तुमची खरी सरासरी फी. तो आकडा ३.३० ऐवजी ५ आला, तर बँकरोलही पाचाच्या हिशेबानंच हवं.

गैरसमज: इतक्या वेळा सलग हरलो, आता लागायलाच हवं. किंवा: साइटच गडबड करते.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला. लाल आता येणारच म्हणून लोकांनी लाखो फ्रँक लावले आणि गमावले. मागच्या पंचवीस स्पर्धांचा पुढच्या स्पर्धेवर तेवढाच परिणाम होतो, म्हणजे काहीच नाही.

साइट्सवर फसवणूक झालेली आहे, हे खरं. ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या साइट्सवर आतल्या माणसांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे २००७-०८ मध्ये उघड झालं. पण ती फसवणूक आतल्या माणसांनी वापरलेल्या खात्यांतून झाली आणि खेळाडूंनीच आकडे तपासून ती पकडली. रेकवर चालणाऱ्या साइटला तुमचा एक्क्यांचा जोड हरवण्यात काही मिळत नाही, तिला तुम्ही खेळत राहण्यातच फायदा आहे. तुमची शंका खरी आहे की खोटी, हे ठरवायला निदान काही हजार हातांची नोंद लागते. अशी नोंदच नसेल तर तो निव्वळ राग असतो.

गैरसमज: मनीमेकरनं ८६ डॉलरांत पंचवीस लाख कमावले.

२००३ मध्ये टेनेसीतला अकाउंटंट ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरांच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला आला. हे घडलं. पण त्यानं आपला मोठा हिस्सा आधीच वडिलांना आणि मित्राला विकला होता, त्यामुळे सगळे पंचवीस लाख त्याचे नव्हते. धोका वाटून घेण्याचा हा शहाणा निर्णय होता आणि गोष्ट सांगताना नेमका तोच गाळला जातो. बाकीच्या ८३८ जणांची त्या स्पर्धेतली गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गैरसमज: साइटवरची शिल्लक म्हणजे बँकेतलीच शिल्लक.

फर्ग्युसनचा प्रयोग झाला त्याच फुल टिल्टची ही गोष्ट. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्यानं मोठ्या पोकर साइट्सच्या चालकांवरचं आरोपपत्र उघड केलं. खेळाडूंत तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. सप्टेंबरमध्ये सरकारनं न्यायालयात सांगितलं की मार्चअखेर फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंचं सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते साधारण ६ कोटी. संचालक आणि मालकांना मात्र ४४ कोटींहून जास्त वाटले गेले होते. फर्ग्युसन त्या संचालकांपैकी एक होता. त्यानं २०१३ मध्ये दोष मान्य न करता सरकारशी तडजोड केली. पोकरस्टार्स या दुसऱ्या साइटनं कंपनी ताब्यात घेतल्यावर अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ मध्ये पैसे मिळाले. अमेरिकेतल्यांना २०१४ पर्यंत थांबावं लागलं.

दोन टक्क्यांचा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांची शिल्लकही त्या काळात अडकून पडली होती. म्हणून साइटवर महिनाभर पुरेल एवढीच रक्कम ठेवावी आणि बाकी स्वतःच्या खात्यात. ब्रिटनमध्ये प्रत्येक परवानाधारक साइटला ग्राहकांच्या पैशाला कोणत्या पातळीचं संरक्षण आहे हे सांगावं लागतं. तो परिच्छेद शोधून वाचाच, त्यात ‘नॉट प्रोटेक्टेड’ लिहिलं असेल तर कंपनी बुडाल्यावर तुमच्या पैशाला संरक्षण नाही असं समजावं.

करांचंही ध्यानात ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकण्यावर कर नाही. अमेरिकेत आहे, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानं २०२६ पासून जुगारातला तोटा ९० टक्क्यांपर्यंतच वजा करता येईल अशी मर्यादा घातली. वर्षात दहा हजार जिंकून दहा हजारच हरलेल्या माणसाला न कमावलेल्या एक हजारावर कर लागू शकतो. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्या हौशी खेळाडूला तर तोटा वजा करताच येत नाही. बँकरोल ठरवताना ही रक्कम आधीच बाजूला काढावी.

गैरसमज: भारतात बसून चार-पाच डॉलरांचं खेळलं तर कुणाचं काय जातं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर त्यानं बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यापुरता गैरलागू आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशाचे व्यवहार करून देणंही गुन्हा. खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही, यावर बोट ठेवून परदेशी साइट्सच्या लिंक टेलिग्रामवरून फिरतात. तिथे भरलेला पैसा अडकला तर दाद मागायला जागा नाही. मध्यस्थाच्या खात्यातून पैसे आले तर तुमचं बँक खातं गोठण्याची भीती वेगळीच. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून यासाठी बँकरोल किती असावं, या प्रश्नाचं माझं उत्तर शून्य आहे. गोव्यात मांडवीतल्या परवानाधारक कॅसिनोंत समोरासमोरचं पोकर चालतं, पण त्याला छोट्या रकमांचा खेळ म्हणता येत नाही.

गैरसमज: नीट सांभाळलं तर हा जोडधंदा होतो.

वरच्या उदाहरणातला चांगला खेळाडू हजार स्पर्धांत सरासरी १,१०० डॉलर कमावतो. एकावेळी चार टेबलं उघडून प्रत्येक स्पर्धेला अर्धा तास धरला तरी पाचशे तास झाले. म्हणजे तासाला दोन डॉलर वीस सेंट. न्यू जर्सीत किमान वेतन तासाला पंधरा डॉलरांहून जास्त आहे. छोट्या स्पर्धा छंद म्हणून खेळाव्यात, शिकण्यासाठी खेळाव्यात. घरखर्चाच्या आशेनं खेळल्या की पहिल्या पंचवीस कोऱ्या स्पर्धांनंतर फी दुप्पट करण्याची इच्छा होते, आणि तिथून घसरण वेगानं होते.

ही घसरण ओळखता येते. ठरवलेली रक्कम संपल्यावर पुन्हा पैसे भरले, भरलेला आकडा घरी कमी करून सांगितला, क्रेडिट कार्डवरून किंवा मित्राकडून उसने घेऊन प्रवेश फी भरली. यांतलं एकही घडलं असेल तर बँकरोलचे नियम बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. न्यू जर्सीसह अमेरिकेत १-८००-४२६-२५३७, ब्रिटनमध्ये ०८०८ ८०२० १३३ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६. तिन्ही ठिकाणी फोन फुकट आहे आणि चोवीस तास कुणीतरी उचलतं.